शेवटचा दिवस कोरडा का?

नवी मुंबईतून चार-सहा जणांचा एखादा गट दिवाळीनंतर लक्षद्वीपला जाऊन समुद्राखालची प्रवाळे पाहायचे ठरवतो, तेव्हा वहीत प्रथम आकडे उतरतात ते रुपयांचे. कोचीपर्यंतचे भाडे, तेथून अगत्तीपर्यंतचे विमान किंवा जहाज, बेटावर जाण्याचा परवाना, मुक्काम, आणि प्रत्येक डुबकीचा वेगळा आकार. नारळ आणि मासे सोडले तर बेटावर लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू मुख्य भूमीवरून आणावी लागते. मग तेथला दिवस महाग असायचाच. असा एकेक दिवस हिशेबात धरून वेळापत्रक मांडले जाते. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सराव, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळ-दुपार डुबक्या, आणि पाचव्या दिवसापुढे रिकामी चौकट.

या रिकाम्या चौकटीवरूनच बहुधा वाद होतो. विमान दुपारचे आहे, मुक्कामाचे पैसे भरलेले आहेत, समुद्र दाराशी आहे. मग सकाळी आणखी एक डुबकी का नको? जाणकार प्रशिक्षक यावर ठाम नकार देतो. पुष्कळदा तो कारण सांगत नाही, फक्त 'नियम आहे' म्हणतो. नियमामागचे कारण मात्र शाळेतील विज्ञानाच्या आवाक्यातले आहे आणि ते हाती लागायला सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या काळात कितीतरी माणसे मेली आणि कितीतरी कायमची पंगू झाली. त्यांतली फारच थोडी हौसेने पाण्यात उतरलेली होती. बाकीच्यांत बरेच होते पुलाचे पाये खणणारे मजूर.

दाबाखाली घेतलेला श्वास

समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. 20 मीटर खोलीवर एकूण दाब तीन वातावरणे होतो. छाती या दाबाविरुद्ध फुगू शकत नाही, म्हणून पाणबुड्याला श्वासाची हवाही तेवढ्याच दाबाने पुरवावी लागते. याचा अर्थ असा, की 20 मीटरवरच्या एका श्वासात पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा मावते.

वायूचा दाब वाढला की त्या प्रमाणात तो द्रवात अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडला. श्वासातला प्राणवायू शरीर वापरून टाकते. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग असलेला नत्रवायू मात्र कशालाच लागत नाही. तो रक्तातून मेंदू, स्नायू, चरबी, सांधे यांत जाऊन नुसता विरघळून राहतो. एरवीही आपल्या शरीरात सुमारे एक लिटर नत्रवायू असा विरघळलेला असतो आणि त्याचा काही त्रास होत नाही. खोल पाण्यात हा साठा हळूहळू वाढत जातो. वर येताना दाब कमी होतो आणि जास्तीचा वायू बाहेर पडू लागतो. तो सावकाश पडला तर फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई झाली तर सोड्याची बाटली उघडल्यावर घडते तेच शरीराच्या आत घडते.

मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शेकडो वर्षे एकाच श्वासावर डुबक्या मारत आले. ते खाली मिनिट-दीड मिनिट राहत आणि तेवढ्या वेळात छातीतली हवाच काय ती विरघळणार, म्हणून या विकाराची त्यांना फारशी ओळख झाली नाही. माणसाला पाण्याखाली तासन्‌तास श्वास घेता येऊ लागला, तेव्हा संकट खऱ्या अर्थाने सुरू झाले.

साप, खाण आणि पूल

पहिला बुडबुडा पाहणारा माणूस रॉबर्ट बॉइल. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम ज्याच्या नावाने आपण शिकवतो, तोच हा बॉइल. त्याने एक विषारी साप निर्वात पंपाच्या भांड्यात ठेवला, हवा काढून घेतली आणि सापाच्या डोळ्यातील द्रवात एक बुडबुडा इकडून तिकडे हलताना पाहिला. 1670 मध्ये त्याने ही नोंद प्रसिद्ध केली. दाब कमी झाला तर जिवंत शरीरात बुडबुडे होतात, हे त्या एका ओळीत येऊन गेले होते. पण पुढे दीडशेहून अधिक वर्षे त्याचा कोणाला उपयोग सुचला नाही, कारण तसा प्रसंगच माणसावर आला नव्हता.

तो आला फ्रान्समध्ये. लुआर नदीच्या गाळाखाली कोळसा होता, पण खणायला जावे तर पाणी भरे. 1841 च्या सुमारास त्रिझे या अभियंत्याने यावर एक युक्ती काढली. तळ नसलेली मोठी पेटी नदीत उतरवायची आणि वरून दाबाने हवा भरून आतले पाणी बाहेर रेटायचे. पेला पाण्यात उपडा दाबला तर आतली जागा कोरडी राहते, तसेच हे. या पेटीला केसन म्हणतात. मजूर आत जाऊन कोरड्यात खणत. पण काम संपवून बाहेर आल्यावर काहींचे गुडघे आणि कोपर असह्य दुखू लागले. 1854 मध्ये पॉल आणि वातेल या दोन फ्रेंच वैद्यांनी लिहून ठेवले, की त्रास आत जाताना होत नाही, बाहेर येताना होतो, आणि रोग्याला पुन्हा दाबात नेले तर आराम पडतो. निदान आणि उपाय दोन्ही हाती आले होते, फक्त कारण कळले नव्हते.

पुढची तीस वर्षे मोठमोठ्या पुलांची होती. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर ईड्स यांनी बांधलेला पूल 1874 मध्ये पुरा झाला. त्याचे पाये खणताना दहाहून अधिक मजूर या विकाराने मरण पावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या केसनमध्ये उतरणारा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग 1872 मध्ये अंथरुणाला खिळला आणि पुढचे बरेचसे काम त्याची पत्नी एमिली हिच्यामार्फत चालले. वेदनेने कमरेत वाकून चालणाऱ्या मजुरांना त्यांचेच सोबती चेष्टेने एका नावाने हाक मारत. त्या काळी स्त्रियांत पुढे झुकून चालण्याची एक ढब होती, तिच्यावरून ते नाव आले. इंग्रजीत या विकाराला आजही 'बेंड्स' म्हणतात, त्याचा उगम हा.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. हावडा पुलाचे बांधकाम 1936 ते 1943 या काळातले. नदीखालच्या वाहत्या वाळूला आवर घालण्यासाठी हावड्याच्या बाजूच्या केसनमध्ये दर चौरस इंचाला सुमारे 40 पौंड जादा दाब ठेवावा लागला आणि त्या दाबात काम करायला सुमारे 500 माणसे लागली. 27-28 मीटर खोल पाण्यात श्वास घेण्याइतकाच हा दाब. तोपर्यंत बाहेर पडण्याचे शास्त्र पुष्कळसे तयार झाले होते, ही त्या माणसांच्या नशिबाची गोष्ट.

बकऱ्यांनी दिलेले उत्तर

पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्ये हवेच्या दाबावर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले, की एकदम दाब उतरवल्यावर होणारे बुडबुडे मुख्यतः नत्रवायूचे असतात. म्हणून दाब हळू उतरवा, हा त्यांचा सल्ला. पण हळू म्हणजे किती? मिनिटाला किती मीटर? याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि जुजबी सल्ल्यावर कोणी मजुरांना तासभर बसवून पगार देत नाही.

हे उत्तर ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी काढले. 1908 मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध या विषयाचा पाया मानला जातो. प्रयोगासाठी त्यांनी बकऱ्या निवडल्या. एक तर बकरी आकाराने माणसाच्या जवळपास येते, आणि दुसरे म्हणजे तिचे दुखणे दिसते. सांधा दुखला की बकरी पुढचा पाय उचलून धरते. पोलादी कोठीत दाब चढवायचा, उतरवायचा आणि कोणती बकरी पाय उचलते ते पाहायचे, अशी ती पद्धत.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली अशी, की दाब निम्म्यावर आणला तर सहसा काही होत नाही. दोन वातावरणांवरून एकावर, किंवा चारांवरून दोनांवर येणे सारखेच सुरक्षित. महत्त्व दाबातल्या फरकाला नाही, गुणोत्तराला आहे. दुसरी गोष्ट अशी, की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने भरत नाहीत. भरपूर रक्त मिळणारे भाग काही मिनिटांत भरतात, तर चरबी आणि सांधे यांना तासन्‌तास लागतात. हॉल्डेन यांनी हिशेबासाठी पाच काल्पनिक ऊती धरल्या आणि त्यांना 5, 10, 20, 40 आणि 75 मिनिटांचे अर्धकाल दिले. किरणोत्सारी पदार्थांचे अर्धायुष्य शिकवणाऱ्या शिक्षकांना ही कल्पना ओळखीची वाटेल. उरलेले अंतर निम्मे व्हायला लागणारा वेळ तो अर्धकाल.

याआधी पाणबुड्यांना अगदी संथ, एकाच गतीने वर येण्यास सांगितले जाई. हॉल्डेन यांनी दाखवले, की हे चूक आहे. खोल पाण्यातून रेंगाळत वर येताना संथ ऊती भरतच राहतात. त्यापेक्षा अर्ध्या दाबापर्यंत चटकन यावे आणि मग टप्प्याटप्प्याने थांबत थांबत वर यावे. 1906 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोन पाणबुडे या पद्धतीने 64 मीटर खोलीपर्यंत जाऊन सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून उतरला होता. पोशाख त्याला मोठा होता आणि आत पाणी शिरत होते.

तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. 1939 मध्ये 'थीटिस' ही पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून 99 माणसे गेली, तेव्हा कामगार संघटनांच्या वतीने त्यांनी स्वतःला कोठीत कोंडून घेऊन प्रयोग केले. दाबाखालच्या शुद्ध प्राणवायूने त्यांना झटके आले, त्यात पाठीचे मणके दुखावले आणि ती व्यथा जन्मभर राहिली. हेच हॉल्डेन 1957 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरला वारले. आनुवंशिकीच्या पाठात त्यांचे नाव येते. पाणबुड्यांच्या कोष्टकांशी जोडलेले त्यांचे हे नातेही विद्यार्थ्यांना सांगावे असे आम्हांला वाटते.

कोष्टक सर्वांच्या हाती

1943 मध्ये झाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीप्रमाणे हवा सोडणारी झडप बनवली. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी जळाऊ वायूवर चालवण्यासाठी गान्यां यांनी केलेल्या झडपेचे हे रूपांतर होते. वरून हवा पुरवणारी नळी गेली, पाणबुडा मोकळा झाला. अशा स्वयंपूर्ण श्वसनसाधनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून 'स्कूबा' हा शब्द आला.

साधन स्वस्त आणि सोपे झाल्यावर डुबकी हा छंद झाला आणि नौदलाची कोष्टके छंदिष्टांच्या हाती आली. अमेरिकी नौदलाने 1950 च्या दशकात सुधारलेल्या कोष्टकात, मध्ये न थांबता वर यायचे असेल तर 18 मीटरवर 60 मिनिटे आणि 30 मीटरवर 25 मिनिटे, अशी मर्यादा होती. छंदासाठीची आजची कोष्टके याहून थोडी कडक आहेत. हॉल्डेन यांचे गुणोत्तरही जसेच्या तसे टिकले नाही. जलद ऊती दुपटीहून अधिक गुणोत्तर सोसतात, संथ ऊती मात्र त्याहून कमी, असे दिसून आले. झुरिकचे ब्यूलमान यांनी सोळा ऊती धरल्या. त्यांतल्या सर्वांत संथ ऊतीचा अर्धकाल 635 मिनिटे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक आहे. 1980 च्या दशकापासून मनगटावरचा छोटा संगणक हा सगळा हिशेब क्षणोक्षणी करत असतो.

1970 च्या दशकात श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने रक्तातले बुडबुडे ऐकता येऊ लागले, आणि एक नवीच गोष्ट कळली. कोष्टक काटेकोर पाळून, ठणठणीत वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तातही पुष्कळदा बारीक बुडबुडे असतात. त्याला काही जाणवत नाही एवढेच. म्हणजे 'मला काही होत नाही' हा शेवटच्या सकाळच्या डुबकीच्या बाजूने पुरावा ठरत नाही.

विमान आणि घाट

आता वहीतील रिकाम्या चौकटीकडे वळू. फळ्यावर सोडवता येईल असा हिशेब मांडतो. तो ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

समजा, पाणबुडा 20 मीटरवर 40 मिनिटे राहिला. बाहेरचा दाब तीन वातावरणे. 10 मिनिटे अर्धकालाची ऊती सुरुवातीला एकावर होती. ती दहा मिनिटांनी दोनावर, वीस मिनिटांनी अडीचवर, तीस मिनिटांनी पावणेतीनवर जाते. पण वर आल्यावर ती त्याच वेगाने रिकामीही होते. 80 मिनिटे अर्धकालाची ऊती मात्र चाळीस मिनिटांत सुमारे 1.6 वातावरणांपर्यंतच भरते. पृष्ठभागावर आल्यावर तिचे गुणोत्तर 1.6 ला 1. हॉल्डेन यांच्या मर्यादेत ते बसते आणि पाणबुडा सुखरूप असतो.

आता तोच माणूस लगेच विमानात बसला असे धरू. विमानाच्या कक्षात समुद्रसपाटीचा दाब राखलेला नसतो. तो 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे 0.75 वातावरणापर्यंत उतरू शकतो. 1.6 ला 0.75 ने भागा. उत्तर येते 2.1. पाण्यातून वर येताना न ओलांडलेली मर्यादा आकाशात ओलांडली गेली. बटाट्याच्या वेफर्सची पुडी विमानात फुगते, तसे शरीरातले गप्प बसलेले बुडबुडेही फुगतात.

80 मिनिटांची ऊती रात्रभरात रिकामी होते. मग नियम एवढा लांबलचक का? कारण 635 मिनिटांच्या ऊतीसारख्या संथ जागा. एका डुबकीत त्यात अगदी थोडा वायू जातो. पण बारा तासांनी त्यातला निम्म्याच्या जवळपास आणि चोवीस तासांनी सुमारे पाचवा हिस्सा शिल्लक असतो. दुसऱ्या दिवशीच्या डुबक्या त्यावर भर घालतात. तीन दिवस सकाळ-दुपार डुबक्या मारणाऱ्याचे शरीर एक डुबकी मारणाऱ्यासारखे राहत नाही. शिवाय एकदा बुडबुडा झाला, की त्यातला वायू परत विरघळून निघून जायला वेळ लागतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने 2002 मध्ये तज्ज्ञांची सभा बोलावली आणि त्यातून पुढील मर्यादा ठरल्या. मध्ये न थांबता करता येणारी एकच डुबकी असेल तर उड्डाणापूर्वी किमान 12 तास. अनेक डुबक्या किंवा अनेक दिवसांच्या डुबक्या असतील तर किमान 18 तास. थांबे घ्यावे लागणाऱ्या डुबकीनंतर त्याहूनही बराच अधिक. व्यवहारात पुष्कळ जण सरसकट 24 तास पाळतात. या मर्यादा 600 ते 2400 मीटर उंचीइतक्या कक्षदाबाला लागू आहेत.

यातील 600 हा आकडा महाराष्ट्रातील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात आज पुष्कळ लोक स्कूबाची पहिली डुबकी मारतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला प्रशिक्षण संस्थाही काढली आहे. तेथून नवी मुंबईला कोकणातूनच परतणाऱ्याच्या वाटेवर बुटके घाट आहेत. पण बेळगावकडे जाणारा आंबोलीचा घाट चढतो. आंबोली सुमारे 690 मीटर उंच आहे आणि तेथील हवेचा दाब सुमारे 0.92 वातावरण. मघाच्या पाणबुड्याचे गुणोत्तर तेथे 1.7 च्या वर जाईल. नवख्यांची डुबकी उथळ आणि थोड्या वेळाची असते, त्यांना यात भिण्यासारखे फारसे नाही. दोन-तीन दिवस खोल डुबक्या मारणाऱ्याने मात्र घाट चढणे हेही छोटे उड्डाणच समजावे.

आणखी एक गोष्ट वहीत असायला हवी. विकार झालाच, तर उपाय 1854 मध्ये सांगितला होता तोच आहे. रोग्याला प्राणवायू देत पुन्हा दाबात न्यायचे आणि सावकाश उतरवायचे. त्यासाठी दाबकोठी लागते आणि प्रशिक्षित वैद्यही लागतो. आपल्याकडे या विद्येची जोपासना प्रामुख्याने नौदलाने केली. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारातील नौदल वैद्यक संस्था हे तिचे मोठे केंद्र. दूरच्या बेटावरून रोग्याला कोठीपर्यंत न्यायचे म्हणजे बहुधा विमानानेच, आणि विमानात दाब कमी होऊन दुखणे वाढण्याचा धोका. म्हणून अशा वेळी विमान शक्य तितके खालून न्यावे लागते. अगत्तीच्या विमानतळावर सांधा दुखू लागला तर काय होईल, याचा विचार सकाळच्या त्या डुबकीआधी करायचा असतो.

म्हणून असा आराखडा शेवटाकडून मांडावा, असे आम्ही सुचवू. प्रथम परतीच्या विमानाची वेळ लिहावी. त्यातून 24 तास मागे मोजून तेथे शेवटच्या डुबकीची रेघ ओढावी. जवळची दाबकोठी कोठे आहे आणि तेथवर कसे पोचायचे, ते प्रशिक्षकाला विचारून रेघेच्या शेजारी नोंदवावे. सर्वांत खोल डुबक्या पहिल्या दिवसांत आणि उथळ डुबक्या नंतर ठेवाव्यात. रुपयांचे आकडे त्यानंतर भरावेत. कोरड्या दिवशी लगूनच्या उथळ पाण्यात नळी लावून पृष्ठभागावर पोहता येते, भरती-ओहोटीच्या खळग्यांतले जीव पाहता येतात, कवरत्तीला मुक्काम असेल तर तेथले सागरी संग्रहालय पाहता येते. तो दिवसही पैसे वसूल करूनच जातो.